प्रॅक्टिकलला गेम लावायचा असेल तर

गेममधून शिकवायचं म्हटलं की बहुतेक कॉलेजांत दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर जुन्याच प्रश्नपत्रिकेला रंगीत कपडे चढवून तिला गेम म्हणतात, नाहीतर पोरांना तासभर काहीतरी खेळायला लावून शेवटी 'मजा आली ना?' एवढंच विचारतात. या दोन्हींना विद्यार्थी पहिल्या दहा मिनिटांत ओळखतात.

इथे लिहिलंय ते इंजिनीअरिंग, एमबीए आणि बीसीए-बीएस्सीच्या दोन तासांच्या प्रॅक्टिकलबद्दल. लॅब नाशिकमध्ये कुठेही दिसते तशी धरली आहे: आय-थ्रीची मशीन, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक कार्ड नाही, वीसपैकी सतरा-अठरा मशीन चालू. बॅच वीस जणांची, म्हणजे दहा जोड्या. नव्या शैक्षणिक धोरणाच्या हिशेबात प्रॅक्टिकलचे ३० तास म्हणजे १ क्रेडिट. त्यातले आठ तास, म्हणजे चार प्रॅक्टिकल गेमला दिली तर पुष्कळ झालं. त्याहून जास्त दिलीत तर बाकीचा सिलॅबस मार्चमध्ये पळवावा लागतो.

गेम आपोआप काही शिकवत नाही. खेळण्याआधी कागदावर लिहिलेला अंदाज आणि खेळून झाल्यावर त्या अंदाजाची केलेली चिरफाड, या दोन गोष्टी शिकवतात. मधला खेळ हा प्रयोग. म्हणून १२० मिनिटांची वाटणी अशी धरा: विषय आणि उद्दिष्ट सांगायला १०, कीबोर्ड-माऊसची ओळख १५, अंदाज लिहायला १०, खेळ ४५, चर्चा ३०, जर्नल १०. खेळाची ४५ मिनिटं वाढवायचा मोह प्रत्येकाला होतो आणि ती नेहमी चर्चेतूनच कापली जातात. तसं झालं की उरतो तो निव्वळ टाइमपास.

निवडीची चाचणी एकच आहे. गेममध्ये पुढे जायला जो नियम कळावा लागतो, तोच तुमच्या सिलॅबसमधला नियम आहे का? कारखाना उभारायच्या 'फॅक्टोरिओ' या गेममध्ये हिरवं सर्किट बनवायला एक लोखंडी पत्रा आणि तीन तांब्याच्या तारा लागतात. एका तांब्याच्या पत्र्यातून दोन तारा निघतात आणि दोन्ही कामांना सारखाच वेळ लागतो. म्हणून तारेची ३ मशीन आणि सर्किटची २, हे प्रमाण जमलं नाही तर एक तरी मशीन रिकामं बसतं. हे सरळ लाइन बॅलन्सिंग आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यात इंटर्नशिपला जाणाऱ्या प्रॉडक्शनच्या मुलांना ते उपयोगी पडतं. उलट साम्राज्य उभारायचा 'सिव्हिलायझेशन' इतिहासाला लावला तर जिंकायला साधनांची वाटणी कळावी लागते, इतिहास कळला नाही तरी चालतं. गेम उत्तम आहे, त्या पेपरसाठी चुकीचा आहे. डेटाबेसच्या पहिल्या सत्राला ब्राउझरमध्ये चालणारी 'एसक्यूएल मर्डर मिस्ट्री' बसते. फुकट आहे, इन्स्टॉल काही करायचं नाही, आणि एका टेबलातला धागा दुसऱ्या टेबलाशी जोडता आला नाही तर खुनी सापडत नाही.

आता एक प्रॅक्टिकल पूर्ण मांडतो. गेम 'ओपन टीटीडी', म्हणजे वाहतूक कंपनी चालवायचा खेळ. ख्रिस सॉयर यांच्या १९९५ च्या 'ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स'वरून बनलेला, मुक्त परवान्याचा, जुन्यात जुन्या मशीनवरही चालणारा. ग्राफिक्ससाठी 'ओपन जीएफएक्स' हा मोफत संच पहिल्यांदा उघडताना उतरवावा लागतो. तो लॅब असिस्टंटकडून आदल्या दिवशीच सगळ्या मशीनवर टाकून घ्या. दहा मशीननी एकदम डाउनलोड सुरू केलं की ओळखीची पंधरा मिनिटं तिथेच जातात.

विषय: मालवाहतुकीत किती गाड्या लागतात. नकाशा १२८ बाय १२८, समशीतोष्ण हवामान, एक कोळसा खाण, एक वीजकेंद्र. नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीजकेंद्राला कोळसा येतो हे पोरांना ठाऊक असतं, त्यामुळे प्रसंग समजावत बसावं लागत नाही. सेटिंगमध्ये तीन गोष्टी बदला. अर्थव्यवस्थेचा प्रकार 'फ्रोझन' ठेवा, नाहीतर खाणीचं उत्पादन आपोआप वर-खाली होतं आणि दोन जोड्यांची तुलना करता येत नाही. गाड्यांचे बिघाड पहिल्या प्रॅक्टिकलला बंद ठेवा. प्रतिस्पर्धी कंपन्या शून्य ठेवा. मग गेम सेव्ह करून तीच फाइल सगळ्या मशीनवर टाका. सगळ्यांना एकाच सर्व्हरवर आणता येतं, पण मग कुणीतरी दुसऱ्याचा रस्ता अडवतो आणि उरलेला वेळ भांडणात जातो. तो प्रकार स्पर्धा शिकवायची असेल तेव्हाच करावा.

गेममधला एक दिवस साधारण २ सेकंदांचा, म्हणजे वर्ष बारा मिनिटांचं. ४५ मिनिटांत पावणेचार वर्षं होतात. एकट्याने खेळताना टॅब दाबून वेळ पळवता येतो. ते चालणार नाही असं आधीच सांगा, नाहीतर एक जोडी २०१० सालात पोचलेली असते.

अंदाजाचा कागद असा. समजा खाण महिन्याला १२० टन काढते आणि स्टेशनचं रेटिंग ६० टक्के आहे. म्हणजे ७२ टन स्टेशनवर येणार, बाकीचा कोळसा तुमचा नाही. सुरुवातीचा कोळशाचा ट्रक २० टन घेतो, ताशी ४८ किलोमीटर धावतो. जाऊन-येऊन भरण्या-उतरवण्यासह एक फेरी ५० दिवसांची पडली, तर एक ट्रक महिन्याला १२ टन हलवतो. ७२ भागिले १२, म्हणजे सहा ट्रक. लिटलचा नियम (वाटेवर एकावेळी किती = येण्याचा दर × लागणारा वेळ) इथे आकड्यांत उभा राहतो. प्रत्येक जोडीने आपल्या मार्गाची फेरी एका ट्रकवर मोजायची, स्वतःचा आकडा काढायचा, त्यावर सही करून कागद पुढे द्यायचा. त्यानंतरच दुसरा ट्रक विकत घ्यायचा.

होतं काय, की बहुतेक जोड्या आकडा सहा काढतात आणि ट्रक दहा घेतात. 'असू देत जास्तीचे.' सगळे एकाच वेळी घेतल्यामुळे ते एकामागोमाग एक धावतात, खाणीजवळच्या स्टेशनबाहेर रांग लागते, आणि 'पूर्ण भरल्याशिवाय निघू नको' अशी ऑर्डर असेल तर मागचे ट्रक अर्धा महिना उभेच. नाशिकच्या मुंबई नाक्यावर सकाळी नऊला उभं राहिलेल्याला ही रांग वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पण चर्चेत हा प्रश्न जरूर विचारा: रांग ट्रक जास्त झाल्यामुळे लागली की एकदम सोडल्यामुळे? दोन्ही कारणं खरी आहेत, पण उपाय वेगळे आहेत. ट्रक विकून पैसे परत मिळतात. वेळापत्रक बदलायला काहीच पैसे लागत नाहीत.

खरा धडा पुढे आहे. स्टेशनचं रेटिंग स्थिर नसतं. शेवटची गाडी किती दिवसांपूर्वी माल उचलून गेली, ताटकळणारा माल किती, गाडी किती वेगाची आणि किती जुनी, यावर ते ठरतं. चांगली सेवा दिली तर रेटिंग ७० टक्क्यांवर जातं आणि ७२ चे ८४ टन होतात. म्हणजे सहा ट्रक पुरत नाहीत, सात लागतात. जो आकडा गृहीत धरून गणित मांडलं, तो गणिताच्या उत्तरानेच बदलला. पूल रुंद केला की त्यावरची गाड्यांची गर्दी वाढते, ती याच नात्याने. हे फळ्यावर सांगितलं तर मुलं मान डोलावतात. इथे मात्र त्यांच्याच सहीचा कागद समोर असतो.

आणखी एक फसगत सांगून ठेवतो, कारण ती दर बॅचला होते. भाडं दोन स्टेशनांमधल्या अंतरावर आणि लागलेल्या दिवसांवर मिळतं. ते अंतर नकाशाच्या चौकटींवरून, आडवं अधिक उभं असं मोजलं जातं. रस्ता वळणावळणाने लांब नेला म्हणून एक पैसा जास्त मिळत नाही, उलट दिवस वाढल्याने कमी मिळतो. वळसे घालणाऱ्या रिक्षाचा अनुभव असलेली मुलं हमखास उलटं समजतात. आणि रस्ता रेल्वेला आडवा जाऊ देऊ नका. फाटकावर ट्रक चिरडला जातो, सगळी लॅब हसते आणि पुढची पाच मिनिटं सगळेच ते मुद्दाम करून पाहतात.

दुसऱ्या प्रॅक्टिकलला तीच फाइल, तीच खाण, फक्त बिघाड चालू. सरासरी फेरी थोडीच वाढते, पण रांग खूप वाढते. चढ-उतारामुळे रांग का फुगते, हे रांगशास्त्राच्या सूत्राकडे जायचं सगळ्यात सोपं दार आहे.

मशीनच्या भानगडी वेगळ्याच. अनेक लॅबमध्ये 'डीप फ्रीझ'सारखं सॉफ्टवेअर असतं. मशीन रीस्टार्ट केलं की सगळं मूळ स्थितीला जातं. विंडोजवर 'ओपन टीटीडी'चे सेव्ह डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये जातात. लाइट गेली, यूपीएसने दम तोडला, मशीन पुन्हा चालू झालं की तोवरचं सगळं काम गेलं. त्यामुळे सेव्ह फ्रीझ नसलेल्या ड्राइव्हवर किंवा सर्व्हरच्या शेअर फोल्डरवर ठेवायला लावा आणि दर दहा मिनिटांनी सेव्ह करायला सांगा. बॅचच्या शेवटच्या दहा मिनिटांत नको, तेव्हा कुणी ऐकत नाही. एका सर्व्हरवर खेळायचं ठरवलंत तर सगळीकडे गेमची आवृत्ती तंतोतंत सारखी हवी आणि फायरवॉलमध्ये ३९७९ हा पोर्ट उघडा हवा. लिनक्सच्या कमांड शिकवायला 'ओव्हर द वायर'चा 'बँडिट' लावणार असाल तर तिथे २२२० पोर्ट लागतो. कॉलेजचं नेटवर्क तो बहुधा अडवतं. परवानगीचं पत्र आठवडाभर आधी द्या.

विकतच्या गेमबद्दल एकच सांगणं आहे. स्टीमवरचं वैयक्तिक खातं व्यक्तिगत वापरासाठी असतं. सरांच्या खात्यावरून दहा मशीन चालवणं अटींत बसत नाही. अनेक मशीन असलेल्या जागांसाठी स्टीमची पीसी कॅफे योजना वेगळी आहे, खरेदी विभागाला तिकडे वळवा. ते लांबणार असेल तर मुक्त परवान्याचे गेम आहेतच.

मेकॅनिकल आणि फिजिक्सवाल्यांसाठी रॉकेट बांधून उडवायचा 'केर्बल स्पेस प्रोग्राम'. पूर्ण आवृत्ती २०१५ ची, ग्राफिक कार्ड नसलेल्या मशीनवर सेटिंग कमी करून चालतो, मात्र साध्या हार्डडिस्कवर उघडायला बराच वेळ घेतो. मुलं यायच्या आधी उघडून ठेवा. त्यातला केर्बिन ग्रह ६०० किलोमीटर त्रिज्येचा, पृष्ठभागावर गुरुत्व आपल्याएवढंच. म्हणून १०० किलोमीटर उंचीच्या कक्षेचा वेग मुलं स्वतः काढू शकतात: ९.८१ गुणिले ६,००,००० चा वर्ग, भागिले ७,००,०००, त्याचं वर्गमूळ. येतो सेकंदाला सुमारे २,२४६ मीटर. मग रॉकेटचं समीकरण. भरलेल्या आणि रिकाम्या वजनाचं प्रमाण ३, इंजिनाचा विशिष्ट आवेग (इंधन किती कार्यक्षमपणे वापरलं जातं याचं माप) निर्वातात ३२० सेकंद, तर वेगातला बदल ९.८१ × ३२० × ३ चा नैसर्गिक लॉग, म्हणजे साधारण ३,४५०. कक्षेत जायला सुमारे ३,४०० लागतात, म्हणजे कागदावर जमलं. पण हेच इंजिन समुद्रसपाटीला २५० सेकंदच देतं, आणि सगळं उड्डाण तिथल्या हिशेबाने धरलं तर आकडा २,७०० च्या आत येतो. खरं उत्तर या दोघांच्या मध्ये कुठेतरी असतं, म्हणून कागदावर काठावर पास झालेली रॉकेटं बहुतेक वेळा आकाशात नापास होतात. 'का?' हा प्रश्न तीस मिनिटं पुरतो.

इथे एक नियम कडक ठेवा: जोडीला तीनच लाँच. गेममध्ये परत मागे जायची सोय आहे. ती मोकळी सोडली तर मुलं समीकरण बाजूला ठेवून वीसदा उडवतात आणि शेवटी काहीतरी वर जातं. तीन लाँच म्हटलं की कॅल्क्युलेटर बाहेर येतात.

चर्चेची अर्धी-पाऊण बाजी जागेवरच ठरते. मॉनिटर बंद करायला लावा, खुर्च्या फिरवून घ्या. स्क्रीन चालू असेल तर कुणी मान वर करत नाही. प्रश्नांचा क्रम साधा: काय झालं, अंदाजापेक्षा वेगळं का झालं, आणि गेमने कुठे खोटं दाखवलं. पहिला प्रश्न सगळ्यात कमी आकडा आलेल्या जोडीला विचारा, पण बोटं दाखवून नव्हे. जिंकलेल्या जोडीला आधी बोलू दिलं की बाकीचे गप्प. नर्सिंग आणि मेडिकलच्या सिम्युलेशनमध्ये ही शिस्त पक्की असते. मॅनिकिनवरचा, म्हणजे रुग्णाच्या पुतळ्यावरचा प्रसंग थोडक्यात आटपतो आणि त्यानंतरची चर्चा बहुधा त्याहून लांब चालते. आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशकातच आहे. इंजिनीअरिंगच्या शिक्षकांनी एखाद्या नर्सिंग कॉलेजच्या सिम्युलेशन लॅबमध्ये मागे उभं राहून एक सत्र पाहावं.

तिसरा प्रश्न टाळू नका. प्रत्येक गेम हे कुणाचं तरी मत असतं. विल राइट यांच्या १९८९ च्या 'सिमसिटी' या शहर बांधायच्या गेमवर एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांच्या शहरांच्या मॉडेलचा प्रभाव होता. म्हणजे त्यातलं शहर फॉरेस्टरच्या गृहीतकांवर वाढतं, नाशिकच्या नव्हे. तशाच 'सिटीज स्कायलाइन्स'च्या २०१५ च्या आवृत्तीत फार वेळ अडकलेली गाडी मूळ सेटिंगला नाहीशी होते. नाशिकच्या द्वारका चौकात अशी सोय नाही. सिव्हिलच्या मुलांना हा गेम द्यायचाच असेल तर 'यातलं कुठलं गृहीतक द्वारकेला लागू नाही' हाच जर्नलचा प्रश्न ठेवा.

त्याच फॉरेस्टरच्या गटातून साठच्या दशकात बिअर गेम निघाला. किरकोळ विक्रेता, घाऊक, वितरक, कारखाना अशा चार भूमिका, मागणीच्या चिठ्ठीला आणि मालाला दोन-दोन आठवड्यांचा उशीर, शिल्लक मालाला पेटीमागे अर्धा डॉलर आणि न पुरवलेल्या मालाला एक डॉलर दंड. मागणी चार पेट्यांवरून एकदाच आठवर जाते आणि कारखान्यापर्यंत पोचेस्तोवर तिच्या लाटा होतात. स्प्रेडशीटवर तासाभरात बनतो, ब्राउझरमध्येही चालतो. नाशिकच्या एमबीएत तो कांद्यावर बसवायचा मोह होतो. बसवू नका. कांदा चाळीत घटतो, सडतो, आणि त्याचा भाव रोज लासलगावात बदलतो. या खेळात भावच नाही. द्राक्षाचे खोके घ्या. पॅकहाउस, डीलर, वितरक, खोक्यांचा कारखाना. खोके नासत नाहीत, हंगामात मागणी एकदम चढते, आणि निफाड-दिंडोरीच्या मुलांना खोके न मिळाल्याचा अर्थ घरूनच माहीत असतो.

कुंभाबद्दलही एक शब्द. २०२७ जवळ आल्याने गर्दीवर प्रोजेक्ट करायची टूम आहे. त्याला शहर बांधायचा गेम चालत नाही; 'नेटलोगो'त माणसागणिक नियम लिहून मॉडेल करा, तो फुकट आहे. आणि त्यात गुण-जिंकणं-हरणं आणू नका. २००३ च्या कुंभात चेंगराचेंगरीत माणसं गेली आहेत.

गुणांचं. गेममधल्या स्कोअरला गुण द्यायचे नाहीत, अजिबात नाहीत. घरी लॅपटॉप असलेला, लहानपणापासून खेळणारा मुलगा पहिल्या दिवशीच पुढे असतो आणि तुम्ही त्याच्या सवयीला गुण देता. दहापैकी तीन अंदाजाच्या मांडणीला, चार 'का चुकला' याच्या स्पष्टीकरणाला, तीन मॉडेलच्या उणिवांना. अंदाज चुकला म्हणून गुण कापू नका, नाहीतर पुढच्या वेळी सगळे खेळून झाल्यावर अंदाज लिहितात. जोडीत माऊस दर दहा मिनिटांनी बदलायचा, आणि पहिली पाळी कमी खेळलेल्याची. नाहीतर मुली नोंदी लिहीत बसतात आणि मुलं खेळतात. हे आपोआप सुधारत नाही, घड्याळ लावावं लागतं. 'बँडिट'सारख्या गेमची उत्तरं नेटवर पडलेली असतात. तिथे कितव्या पातळीवर पोचला हे न विचारता एक कमांड बदलून 'आता काय होईल' असं ओरलला विचारा.

मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांकडे बहुधा मोबाइलच असतो, म्हणून तिथे ब्राउझरमधलं काही निवडा आणि चर्चा संपर्क सत्रासाठी राखून ठेवा.

पहिलं प्रॅक्टिकल सत्राच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ठेवा. सबमिशनच्या आठवड्यात ठेवलंत तर जर्नल मागच्या बॅचचं येतं. आणि पुढच्या वर्षी तीच सेव्ह फाइल देऊ नका. खाण दहा चौकटी सरकवली की फेरीचे दिवस बदलतात, उत्तर बदलतं, आणि सीनियरच्या जर्नलमधले सहा ट्रक चालत नाहीत.